चोर सोडून टॅपेटला फाशी

पाने खाली ठेवा. हात पुसा आणि तिघंही इकडं या. घरी उशीर होणार म्हणून कळवायचं असेल तर आत्ता कळवा, मग मोबाइल खिशात.

जॉबकार्ड कुणी लिहिलं? तू? मोठ्यानं वाच. ‘इंजिनमधून आवाज येतो.’ बास? अरे, इंजिनमधून आवाज येणारच. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मालक गाडी ओढून आणेल. कसला आवाज, कधी येतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, रेस दिली की वाढतो की तसाच राहतो, एसी लावल्यावर काय होतं, क्लच दाबल्यावर काय होतं, यातलं एक अक्षर या कार्डावर नाही. मेकॅनिक मोटर व्हेईकलचा कोर्स दोन वर्षांचा. त्यातलं दुसरं वर्ष चालू आहे आणि तुम्हाला अजून तक्रार लिहून घेता येत नाही.

मालकांनी काही सांगितलंच नाही असं म्हणू नका. मी आज त्यांना फोन लावला. निवृत्त हेडमास्तर आहेत ते. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत, नेमकं बोलतात. सकाळी गाडी चालू केली की दारात उभी असतानाच बोनेटखालून टक-टक-टक येतं, रंकाळ्याला फेरी मारून परत आलं की आवाज गेलेला असतो. ॲव्हरेज पडलंय. आणि सिग्नलला थांबून एसी लावला की कधीकधी आत धुराचा वास येतो. हे सगळं त्यांनी तुम्हाला उभ्याउभ्या सांगितलं होतं. अर्धं निदान हातावर ठेवलं होतं तुमच्या. आणि तुम्ही काय म्हणालात? ‘काका, जुनी गाडी आहे, टॅपेट वाजतात, चालायचंच.’

मी परीक्षेच्या ड्युटीवर गेलो आणि तुम्हाला रान मोकळं मिळालं. आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. टॅपेटची फट फीलर गेजनं मोजली. कधी? इंजिन हाताला चटका देत असताना. मॅन्युअल त्या कपाटात आहे, त्यात या इंजिनाचं माप थंड असतानाचं दिलंय. धातू तापला की प्रसरण पावतो हे शाळेत शिकून आलाय ना? गरम इंजिनावर थंडाचं माप लावलंत, आणि ‘फट चुकलीय सर’ असं सांगायला तोंड वर करून आलात.

आवाज गेला नाही. मग ऑईल बदललं. कंपनी सांगते 5डब्ल्यू30, तुम्ही ओतलंत 20डब्ल्यू50. का? ‘जाड ऑईलनं आवाज दबतो.’ कुणी सांगितलं हे? आवाज दाबायला बसवलंय का तुम्हाला इथं? सकाळी थंड इंजिन फिरायला लागतं तेव्हा ऑईल झटकन वर कॅमपर्यंत पोचलं पाहिजे. झीज त्याच वेळी जास्त होते. तिथं तुम्ही काकवी ओतलीत. तरी आवाज गेला नाही. मग डबाबंद औषध घातलं. मग बेल्ट बदलला. टकटकीवर बेल्ट! बेल्ट सैल झाला, गुळगुळीत झाला तर चिरकतो. शंका असेल तर चालू इंजिनावर हात लांब ठेवून, फवाऱ्यानं पाण्याचा एक शिडकावा बेल्टवर मारायचा. चिरकणं क्षणभर थांबलं किंवा बदललं तर दोष त्या बाजूला. दोन मिनिटांचं, बिनपैशाचं काम. ते केलं नाही आणि नवा बेल्ट आणला. पावत्या माझ्याकडं आहेत.

आणि एवढं सगळं फसल्यावर त्या माणसाला काय सांगितलंत? ‘इंजिन उघडावं लागेल. 40,000 पर्यंत जाईल.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. टॅपेटनं तुमचं काय घोडं मारलं होतं?

बोनेट उघड. उजेड धर. तिकडं नाही, खाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथं हेडला टेकतो तिथं. पत्र्याच्या त्या हीट शील्डच्या मागं. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी काय दिसतंय? काजळी. काळी, पंख्यासारखी पसरलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गॅस्केट फुटलंय. त्या फटीतून प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा धूर बाहेर फुटतो आणि टक् असा आवाज करतो. इंजिन तापलं की मॅनिफोल्ड फुगतो, फट मिटते, आवाज जातो. मास्तर हेच सांगत होते. तिघांनी मिळून चार वेळा बोनेट उघडलं असेल, पण ते हीट शील्ड बाजूला करून एकदाही आत वाकून बघितलं नाही. बघायला पैसे पडत नाहीत म्हणून बघितलं नाही की काय?

आता ‘सर, आवाज अगदी टॅपेटसारखाच होता’ असं म्हणशील. होता. मान्य. का होता ते सांग. नाही सांगता येत? मग ऐका. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर आहे. क्रँक 800 फिरला की कॅम 400 फिरतो, निम्मा. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा वेळा. सैल टॅपेट त्याच तालात वाजणार आणि फुटलेलं गॅस्केटही त्याच तालात. ताल ऐकून एवढंच कळतं की आवाज कॅमच्या गतीशी बांधलेला आहे. त्यापुढं कान थकले की डोकं चालवायचं असतं. तुम्ही ताल ओळखलात, त्याची शाबासकी स्वतःच घेतलीत आणि पुढचा विचार तिथंच थांबवलात.

गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फिरत होतास ना तू दिवसभर? फोटोही काढलेस म्हणे. कुठं टेकवली सळई? व्हॉल्व्ह कव्हरवर. आणि तिथं टकटक ऐकू आली! येणारच. हवेत आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, पोलादात 5,000 मीटरच्या वर. सगळं इंजिन एकमेकाला बोल्टांनी आवळलेलं आहे. देवळाच्या खांबाला कान लावला तर घंटेचा नाद खांबातूनही येतो, म्हणून खांब म्हणजे घंटा होत नाही. एका जागी ऐकून काही ठरत नसतं. दहा जागी ऐकायचं आणि कुठं सगळ्यांत मोठा, सगळ्यांत कोरडा आहे ते ताडायचं. अल्टरनेटरच्या अंगावर, वॉटर पंपाशी, टेन्शनरच्या बोल्टवर, टाइमिंग चेनच्या कव्हरवर, खाली चेंबरवर. फिरत्या भागाला सळई लावायची नाही, न फिरणाऱ्या अंगाला लावायची. हेही सांगावं लागतं.

आणि दुसरं. सळई घन भागातला आवाज आणते. हवा फुटण्याचा आवाज पकडायचा तर सळई काढायची आणि नुसती रबरी नळी फिरवायची, एक टोक कानाशी, दुसरं जोडांच्या कडेनं. पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरनं 1816 साली पहिला स्टेथोस्कोप केला तो कागदाच्या गुंडाळीचाच होता. उद्यमनगरातले जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानापुढच्या हाडाला टेकवून बेअरिंग ओळखायचे. तुमच्याकडं त्याहून चांगली हत्यारं आहेत. आज सकाळी थंड इंजिनावर मी हाताएवढी नळी घेतली. तिसऱ्या पोर्टशी धरल्याबरोबर कानात फटाका फुटल्यासारखं झालं.

तेवढ्यावरही मी थांबलो नाही, आणि यापुढं तुम्हीही थांबायचं नाही. कारण सकाळी वाजून तापल्यावर जाणारा आणखी एक आवाज आहे: पिस्टनची थाप. सिलिंडर झिजला की थंड पिस्टन आत डुलतो आणि भिंतीवर आपटतो, तापून फुगला की नीट बसतो. तो आवाज बोदा असतो, ब्लॉकच्या अंगानं येतो. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फसवतो. म्हणून एकेक सिलिंडर बंद करून बघायचा. इंजिन उभ्या गाडीत चालू, आणि तिसऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढला. टकटक मवाळ झाली. जळणच नाही तर धुराला जोर कुठला? दोष टॅपेटचा असता तर कॅम फिरतोच आहे, टकटक होती तशी राहिली असती. म्हणजे टॅपेट या एकाच परीक्षेत निर्दोष सुटला. पिस्टनची थाप मात्र जळण तोडल्यावर कमी होते, तेव्हा तिला बाद करायला नळी आणि काजळी यांची साक्ष लागली. तिन्ही साक्षी जुळल्या तेव्हा मी ‘गॅस्केट’ हा शब्द तोंडातून काढला.

आणि कनेक्टर इंजेक्टरचाच काढायचा, कॉइलचा नाही. ठिणगी बंद केली तर न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथं पेटतं आणि कन्व्हर्टर भाजून निघतो. काम झालं की स्कॅनर लावून एरर पुसायचा. लिहून घेताय का, की उभेच आहात?

आता तुमच्या त्या 40,000 च्या इंजिनकामाकडं येऊ. इंजिन उघडावं लागेल असं म्हणण्यासारखा आवाज कुठला? खालून, चेंबरच्या बाजूनं येणारा जड ठोका, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ते कधी जास्त वाजतं? ऑईल तापून पातळ झाल्यावर. रेस दिल्यावर, ओझं आल्यावर. मास्तरांचा आवाज तापल्यावर जात होता! त्यांच्या एका वाक्यानं तुमचं निदान उलटं पडत होतं आणि तुम्ही ते वाक्य कार्डावर उतरवलंसुद्धा नाही. ज्या माणसाला पेन्शनीतून गाडी चालवायची आहे त्याला तुम्ही निम्म्या गाडीच्या किमतीचं भय दाखवलंत. चुकून म्हणा, आळसानं म्हणा. त्याच्या खिशाला फरक पडत नाही.

ॲव्हरेजचं काय? ‘जुनी गाडी.’ प्रत्येक प्रश्नाला तुमचं एकच उत्तर. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी आहे. दोन धक्क्यांच्या मध्ये दाब पडतो तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो जास्त सोडतो. गेलं ॲव्हरेज. आणि एसी लावल्यावर धुराचा वास येत होता, कारण केबिनची हवा काचेच्या बुडापासून, बोनेटच्या मागच्या कडेनं आत ओढली जाते. वास आला हे त्यांचं नशीब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बाकीच्या धुराला आहे म्हणून त्यांना कळलं. तीन तक्रारी, एक कारण. तुम्ही पहिल्या तक्रारीला टॅपेट म्हणालात, दुसरीला जुनी गाडी म्हणालात आणि तिसरी ऐकलीच नाही.

वायूचा विषय निघालाय तर हेही होऊन जाऊ दे. काल पाऊस आत येतो म्हणून हे मागचं शटर ओढून घेऊन इंजिन चालू ठेवलं होतं. नको, मान खाली घालू नको, माझ्याकडं बघ. बंद शेडमध्ये उभी गाडी चालू ठेवणं म्हणजे काय ते या शेडच्या भिंतीवर लाल अक्षरात लिहिलंय. पाऊस आत आला तर फरशी पुसता येते. डोकं जड झालं, मळमळलं, मग उठून शटर उघडायचीही ताकद राहत नाही. पुन्हा असं दिसलं तर त्या दिवसापासून शेडची किल्ली तुमच्यापैकी कुणाला मिळणार नाही. आणि तू, ती लोंबणारी बाही आणि मनगटातला तो दोरा घेऊन बेल्टजवळ वाकला होतास. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो, माहीत आहे ना? हँडब्रेक, न्यूट्रल, चाकांखाली ठोकळे, बाह्या वर. त्याशिवाय बोनेटखाली हात घालायचा नाही.

उभ्या गाडीतले आवाज एवढेच नसतात. ते पुढं येतीलच तुमच्यासमोर, तेव्हा पुन्हा टॅपेट-टॅपेट करू नका म्हणून आत्ताच सांगतो. गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला आणि घरघर येते, क्लच दाबला की गप्प: तो इंजिनाचा आवाजच नाही, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग आहे. उलट क्लच दाबल्यावर सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा. एसी लावला की सगळी गाडी थरथरते, तेव्हा आधी इंजिनाचं माउंटिंग बघायचं. चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद खडखड आणि मग शांत, तर ऑईल फिल्टरचा व्हॉल्व्ह ऑईल धरून ठेवतोय का, चेन सैल आहे का, ते तपासायचं. चावी फिरवली की नुसतं कट-कट-कट, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं. इंजेक्टरची बारीक टिकटिक बिघाड नसते. पर्ज व्हॉल्व्हची नसते. गाडी बंद केल्यावर सायलेन्सर टिक-टिक करतो तो आकसत असतो, त्याला थंड होऊ द्या. आणि पावसाळ्यात बंद गाडीत खुडबुड ऐकू आली तर एअर फिल्टरचा डबा उघडा, उंदरांनी घर केलेलं सापडेल. वायरीही बघून घ्या मग.

या सगळ्याच्या आधी डिपस्टिक. नेहमी. ऑईल किती आहे, कसलं आहे हे न बघता आवाजावर बोलणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

उद्या हे काम तुम्ही करायचं. ‘सिलिकॉन मारून टाकू का सर’ असं विचारणाऱ्यानं विचार गिळून टाकावा. आज रात्रीच स्टडच्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी थंड इंजिनावर, उघडण्याआधी एकदा खात्री करा: इंजिन बंद, ब्लोअरनं सायलेन्सरच्या तोंडातून हळू हवा सोडायची, जोडांवर साबणाचं पाणी. जिथं फुगे येतील तिथं खडूची खूण. कॉम्प्रेसरची नळी लावायची नाही, दाब जास्त होतो. मग नट थोडे थोडे, आळीपाळीनं सोडा. गरम असताना ताकद लावलीत तर स्टड मोडेल किंवा ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे निघतील, आणि मग खरोखरच मोठं काम निघेल. जुनं गॅस्केट खरवडताना हेडवर ओरखडा पडता कामा नये. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं बघा, वाकलंय का. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकलं असेल तर मशीन शॉपला पाठवायचं, नवं गॅस्केट दाबून वाक भरून निघत नाही. नवं गॅस्केट कोरडं बसवायचं. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. ‘हाताला कळतं सर’ हे वाक्य मला ऐकवायचं नाही. तुमच्या हाताला काय कळतं ते या गाडीवर दिसलंय.

नंतर ते 20डब्ल्यू50 काढून योग्य ऑईल भरा आणि फिल्टर नवा घाला. टॅपेटची फट थंड इंजिनावर पुन्हा मोजा, मॅन्युअल समोर उघडं ठेवून. आकडे मला कागदावर पाहिजेत. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि परवा सकाळी पहिल्यांदा चालू करताना मी इथं हजर असेन. तुमचा एकही हात बोनेटला लागलेला नसेल. मी ऐकेन.

मास्तरांच्या खिशातून ऑईल, औषध, बेल्ट आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटपायी 5,300 रुपये गेलेत. ते तिघांनी वाटून त्यांच्या घरी नेऊन द्यायचे. ऑनलाइन पाठवायचे नाहीत, समोर उभं राहून द्यायचे आणि इंजिन उघडायची गरज नव्हती हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. जॉबकार्ड फाडा. नवं लिहा, या वेळी त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत. ते कार्ड आणि त्यांची सही माझ्या टेबलावर येत नाही, तोवर तुमच्यापैकी एकाच्याही जर्नलवर माझी सही होणार नाही.